साबुदाण्यातलं घरभाडं

पैसा आणि पंचांग यांची माझ्या आत्यासारखी सांगड घालणारी बाई अख्ख्या जबलपुरात शोधून सापडायची नाही. ती सलवार-सुटांच्या कारखान्यात काज-बटणं करते, आणि पगार असा, की हातात येता येताच संपतो. म्हणून तो आला रे आला, की आत्या तो डब्यांत पुरून टाकते. दुधाचे पैसे साखरेत, कारण ती रोज लागते. गॅसचे बेसनात, कारण भजी क्वचित. आणि घरभाडं साबुदाण्यात, कारण तो डबा फक्त एकादशीला उघडायचा असा तिचा नेम. मधेच एखाद्या साडीवर मन गेलं तरी भाडं शाबूत. घरमालक पहिल्यांदा एक तारखेला आला, तर "एकादशी परसों है भैया, तब आना," म्हणून तिने त्याला दारातूनच परत पाठवलं. आता त्याला एकादश्या तोंडपाठ आहेत.

मागल्या वर्षी त्याने भाडं वाढवलं. दुसरी खोली घ्यावी तर कारखाना लांब, रोज ऑटोचा खर्च. आत्याचे फक्त उपास वाढले. आधी सोमवार, मग चतुर्थी, मग शनिवारही. "आत्या, तू तर पार संन्यासीण होऊन राहिली," असं मी चिडवायचो. ती हसायची.

श्रावणातल्या एकादशीला मी सहज गेलो, तर मालक दारात. आत्याने डबा उघडून त्याला नोटा दिल्या. मी आत डोकावलो. साबुदाण्याचा एकही दाणा नव्हता.

"मग तू खाते काय?"

"चहा घेतला न सकाळी. उपासच कराचा, तर पोटभर काहून करू? खोली टिकवाची तर कुठून तरी काढा लागते बाप्पा."

भाड्याची वाढ ती जेवणातून काढत होती. मला फार वाईट वाटलं. खाली जाऊन किलोभर साबुदाणा आणला. "लुटलं तुले दुकानदारानं," म्हणत तिने तो भिजत घातला. संध्याकाळी खिचडी झाली आणि आत्याने दोनदा वाढून घेतली.

तेव्हापासून तिच्या प्रत्येक उपासाला मी साबुदाणा घेऊन जातो. तिच्या हातच्या खिचडीसारखी खिचडी कुठे मिळत नाही, असं सांगितलंय तिला. मीठ मात्र ती दर वेळी जास्तच घालते.