माझी सीट

साल २०२३. माझं वय त्र्याहत्तर. या वयात, दसऱ्याच्या दिवशी, माझ्या डोळ्यांसमोर माझी सीट गोमूत्रानं पुसली गेली.

सीट म्हणजे बसची. ड्रायव्हरची. इंदूरला सरकारी बसच्या जुन्या वर्कशॉपात इतिहासाचं प्रदर्शन लागलं होतं, तीन दिवसांचं. राजाच्या वेळच्या मोटारी, मग सरकारी बस, मग महामंडळ. सगळे फोटोच. खरी बस एकच, सांवेर रोडच्या कारखान्यातनं नवा रंग मारून आणलेली. ती मी चालवलेली, म्हणून मला महूहून बोलावलं. भाड्याची खाकी वर्दी घातली अंगात. एक पोरगी मोबाइल धरून म्हणाली, "अंकलजी, स्टेअरिंग पकडो ना. थोडा स्माइल!"

पकडलं. हसलो पण.

मग साहेब आले. छत्रीबागेत राहणारे, आमचे जुने मॅनेजर. आजोबा राजाच्या कचेरीत, बाप सरकारात, हे महामंडळात. यांच्या सह्यांनी गाड्या भंगारात गेल्या, महामंडळाला टाळं लागलं. आता तेच माइकवर त्याचा इतिहास सांगत होते. लाज म्हणून काही चीज असते, ती यांच्या घराण्यात कुणी आणलीच नाही.

हातात पूजेची थाळी. मला म्हणाले, "चल, उतर आता. आपली पद्धत माहीत आहे ना तुला?"

माहीत होती. डेपोत दसऱ्याला ज्याची गाडी तोच हार घालायचा, नारळ फोडायचा. माझी गाडी सोडून. मी उतरायचो, सीट पुसली जायची, दुसराच कुणी ड्रायव्हर चढून पूजा करायचा. दुसऱ्या दिवशी त्याच सीटवर बसून मी खंडव्याचा घाट उतरायचो, मागे यांची सगळी मंडळी घोरत असायची. तेव्हा कुणाला विटाळ नाही झाला.

नारळ मला कधी नको होता. आम्ही बौद्ध. मला फक्त उतरायचं नव्हतं.

आणि तरी उतरलो. पाय आपोआप उतरले. साहेबांनी गोमूत्र शिंपडलं, फडकं फिरवलं, आपल्या पुतण्याला बसवलं. फोटो निघाले. मग मला म्हणाले, "चढ, बस आता. उद्या पण वेळेवर ये. रोज पूजा आहे, मोठे पाहुणे येतील."

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "ओढून उतरवलं का कुणी?"

"नाही."

"मग?"

एवढंच. परत तव्याकडे वळली. आयुष्यभर मी यांना शिव्या देत आलो, आणि हे मला कधी हातसुद्धा न लावता उतरवत आले. नुसतं बोलून. यांची ताकद एवढीच होती, की मी उतरायचो.

सकाळी पहिली बस धरली. वर्दी पिशवीत. अंगात माझा पांढरा सदरा. त्या पोरीच्या हातात पिशवी दिली आणि सीटवर जाऊन बसलो.

साहेब थाळी घेऊन आले. पाहुणे मागेच. "वर्दी कुठंय? बरं, राहू दे. उतर."

"नाही उतरत."

"अरे भिया, तमाशा नको. तुम्ही लोक देवधर्म मानतच नाही ना? मग अडतोस कशाला?"

"मानत नाही म्हणूनच उतरत नाही. पूजा करायची तर करा. मी इथंच आहे."

साहेब पाहुण्यांकडे बघून हसले. मग पुतण्याला खूण केली. तो पायरीवर चढला, माझ्या दंडाला हात घालायला. मी त्याच्याकडे बघितलं.

"हां, धर," मी म्हणालो. "आज ओढूनच काढावं लागेल. सगळ्यांसमोर."

त्याचा हात तिथंच थांबला. तो खाली उतरला.

मी दार आतून ओढून घेतलं.