सात नंबरच्या ब्रदरचं नाव

विमला धुरी मरोळला चाळीत राहते. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दोन्ही गेलेले, कान मात्र शाबूत, त्यामुळे सुनेची पंचाईत. शाळा दुसरीपर्यंत, तीही गावी, मास्तर आले असतील त्या दिवशी. गिरणी बंद पडल्यावर नवरा साकीनाक्याला एका वर्कशॉपात लागला आणि ती अंधेरीच्या एका कॉलेजात, म्हणजे कॉलेजच्या मागे ब्रदर लोकांचं घर होतं तिथे, धुण्याला लागली. ती छत्तीस वर्षं टिकली. नवरा तेवढा टिकला नाही.

ब्रदर म्हणजे फादर नव्हे. फादर चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे त्यांची पूजाप्रार्थना, करतो. ब्रदर लग्न न करता, घरदार सोडून शाळा-कॉलेज चालवतो, आणि दहाबारा जण एका छपराखाली राहतात. हे विमलाला समजायला दोन वर्षं लागली, तेव्हा कोणाला लगेच नाही समजलं तरी बिघडत नाही.

ती लागली तेव्हा घरात चौदा ब्रदर होते. चौदांचे झगे पांढरे, सगळे एकाच कापडाचे, एकाच शिंप्याचे. मग कोणाचा झगा कोणता, हे कळावं कसं? तर प्रत्येकाला एक नंबर. कॉलरच्या आत लाल दोऱ्याने तो घालायचा, बनियनवर घालायचा, चादरीवर घालायचा, मोज्यावरसुद्धा. ते काम विमलाचं. तिला मराठी आकडे येत होते, ब्रदरना इंग्रजी हवे होते. बागेत काम करणाऱ्या सात नंबरच्या ब्रदरने वाफ्यातल्या ओल्या मातीत काडीने एक ते चौदा काढून दाखवले. एका शब्दाने बोलला नाही. काढायचा, पुसायचा, काडी तिच्या हातात द्यायचा. चार दिवसांत तिला आले.

आणि ब्रदर वारला, की त्याचा नंबर उसवायचा. कपडे गोरगरिबांना जायचे, त्यावर नंबर नको. ज्या झग्यात पुरायचं त्या झग्यातला मात्र ठेवायचा. "वर गेल्यावर धुण्यात हरवायला नको," असं खानसामा दादू म्हणायचा. पूर्वी म्हणे वर्षभराने नवा ब्रदर येई, त्याला तो नंबर मिळे. विमला लागली तोवर नवे यायचे थांबले होते. आजकाल कोण आपला मुलगा ब्रदर व्हायला देतोय? विमला उसवतच राहिली, आणि घालायचं काम काही येईना. अकरा जणांचं तिने उसवलं. शेवटी दोरीवर तीनच नंबर वाळायचे.

आता ते घरही नाही. तिथे सात मजली इमारत झाली, खाली कॅन्टीन आहे.

तर यंदा दिवाळीच्या आधी कॉलेजातल्या श्रुतिका मॅडम विमलाकडे आल्या. मॅडम म्हणजे वय असेल अठ्ठावीस. चाळीच्या जिन्यात दोनदा डोकं आपटून आल्या. हातात मोठं पाकीट.

"आजी, तुम्ही ब्रदरांकडे होतात ना? आपण भिंत करतोय. वारलेल्या सगळ्या ब्रदरांचे आणि प्रोफेसरांचे फोटो, खाली पितळेची पाटी. प्रोफेसरांचं झालं. ब्रदरांचे फोटो कपाटात सापडले, पण मागे नावंच नाहीत."

"कोणाला विचारलंत की नाही?"

"जुन्या विद्यार्थ्यांना विचारलं. जे शिकवायचे ते ओळखले त्यांनी. पण स्वयंपाक, बाग, चॅपल बघणारे होते ना, त्यांना कोणी ओळखतच नाही. त्यांच्या मुख्य घरी मेल केला, तिथून नावांची यादी आली, फोटो एकाचाही नाही. आणि सगळ्यांना ओळखणारे ब्रदर अल्बान दोन वर्षांपूर्वी गेले."

"अल्बान पण गेला?" विमलाने विचारलं. ती त्याच्या गावी पाठवायला म्हणून दोन वर्षं एक शाल बाजूला ठेवून होती.

श्रुतिकाने फोटो चटईवर मांडले. विमलाने एकेकावर बोट ठेवलं. चेहरा तिला एकही चुकला नाही.

"हा चौदा. खिशात तपकीर. धुवायच्या आधी खिसे उलटे केले नाहीत तर अख्खी बादली शिंकायची. हा तीन, ह्याला झग्याला खळ हवी, जास्त झाली की म्हणायचा मी काय पुठ्ठा आहे. हा बारा, चॅपलवाला, घंटेचा. मेला सदा कुरकुर. आणि हा..."

हात तिथेच राहिला. बारीक, काळा, कानांत केस, फोटो काढताना कोणीतरी उगाच हसायला लावलेला.

"हा सात," ती म्हणाली.

"आजी, नंबर नकोत. नाव?"

विमलाने फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला. छत्तीस वर्षं. समोर आला की "ब्रदर", पाठमोरा असला तरी "ब्रदर", दादूशी बोलताना "तो सात नंबर". नाव कोणी सांगितलं नाही, आणि तिने कधी विचारलं नाही. असं कसं झालं, म्हणून ती मॅडमकडेच बघत बसली, जशी काही चूक मॅडमचीच.

एक सांगायला हवं. विमलाला मुलाच्या, सुबोधच्या, आधीची एक मुलगी होती, चेतना. नवव्या वर्षी काविळीत गेली. तेराव्यानंतर विमला कामावर गेली, कपडे धुतले, पिळले, पण वाळत घालायला हात वर जाईनात. खांद्यापर्यंत यायचे आणि खाली पडायचे. बारा नंबरने येऊन देवाच्या मर्जीचं काही सांगितलं. ते तिच्या डोक्यावरून गेलं. सात नंबरने खुरपं खाली ठेवलं, हात धुतले आणि तिच्या बादलीतल्या चादरी एकेक करून दोरीवर घातल्या. दुसऱ्या दिवशी परत आला. महिनाभर येत होता. महिन्याने तिचे हात वर जायला लागले, तेव्हा तो आपला वाफ्यात परत गेला. बोलला काय, तर एकदाच, "विमलाबाय, पेरू," आणि हातात पेरू दिला.

त्या माणसाचं नाव तिला माहीत नव्हतं. गाव विचारलं होतं एकदा. "लांब," म्हणाला होता.

"मॅडम, ह्याचं नाव लागलं पाहिजे," विमला म्हणाली. "बाकीच्यांचं राहू दे, हवं तर."

श्रुतिका पोरगी हुशार. तिने विचारलं, "आजी, कोण कोणाच्या मागून गेलं ते आठवतं?"

आठवतं म्हणजे? उसवलेलं कोणी विसरतं का?

दुसऱ्या दिवशी दोघी रिक्षाने कबरस्तानात गेल्या. मुंबईत मेलेल्यालाही जागा कायमची मिळत नाही. दोन-तीन वर्षांनी खड्डा दुसऱ्याला द्यायचा. म्हणून ब्रदरांचा एकच मोठा दगड आहे, त्यावर सगळ्यांची नावं, गेले त्या क्रमाने. श्रुतिका नाव आणि तारीख वाचायची, विमला दगडाच्या कडेला टेकून आपल्या हिशोबाने नंबर सांगायची.

"माझ्या वेळचा पहिला चौदा, तपकीरवाला. मग नऊ. मग तीन, सुबोध दहावीला नापास झाला त्या वर्षी."

"म्हणजे कुठलं साल?"

"तो अजून नापास झालो म्हणून कबूल करत नाही, मी साल कुठून सांगू?"

पण जुळत गेलं. श्रुतिकाने फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावं लिहिली. अकराच्या अकरा जुळले. विमलाला गुडघ्यांचाही विसर पडला. मग खाली तीन नावं राहिली. सगळ्यात शेवटचा अल्बान, तो तर माहीतच. त्याच्या वर दोन, करोनातले. ब्रदर फिडेलिस आणि ब्रदर नॉर्बर्ट. दोघांत एका दिवसाचं अंतर.

"ह्यात पहिला कोण गेला, आजी? सात की बारा?"

विमलाने त्या दोन नावांवरून बोट फिरवलं.

त्या दिवसांत ती तिथे नव्हतीच. बाहेरच्या कोणाला आत सोडत नव्हते, ती घरी बसून होती. वॉचमनचा फोन आला होता: "मावशी, तुमचे दोन ब्रदर गेले. बागवाले पण आणि चॅपलवाले पण." दोघांची बातमी एकाच दमात. तोंड बघायला मिळालं नाही. कपडे पिवळ्या पिशव्यांत बांधून गाडीने नेले. तिच्यासमोर उसवायला काही आलंच नाही.

"वॉचमन कुठे असतो तो?"

"गेला सोडून. यूपीला की कुठे."

"दादू?"

"दादू त्यांच्याही आधी गेला."

श्रुतिकाने उरलेले दोन फोटो दगडाला टेकवले. मग म्हणाली, "दोन नावं, दोन फोटो. म्हणजे आजी, फिफ्टी-फिफ्टी."

"म्हणजे काय?"

"म्हणजे अंदाजाने लावलं तर बरोबर असायची शक्यता निम्मी."

"आणि चूक असायची?"

"ती पण निम्मी."

"मग शिकून काय उपयोग झाला तुझा?" विमला म्हणाली. दोघी हसल्या, पण थोडंच.

प्रिन्सिपलना विचारलं. ते म्हणाले, कोरी पाटी बरी दिसत नाही. नाव असेल तर फोटो लावा, नसेल तर ते दोन गाळा. पाट्यावाल्याला उद्या दुपारपर्यंत कळवायचं होतं.

विमला तो फोटो घरी घेऊन आली. मागच्या खिडकीपाशी, सून भाजी आणायला गेलेली असताना, तिने तो भिंतीला टेकवला. हळूच हाक मारली, "फिडेलिस." थोडं थांबली. "नॉर्बर्ट." मग उलट क्रमाने. फोटो दोन्ही नावांना सारखाच हसत होता. जिवंतपणी तरी कुठे उत्तर देत होता?

नावावरून माणूस ओळखता येतो का, हे तिला बघायचं होतं. नॉर्बर्ट जरा घंटेसारखं वाटतं. फिडेलिस म्हणताना जीभ मऊ पडते. पण मग तिला वाटलं, आपलं नाव विमला, म्हणजे स्वच्छ. आणि आयुष्य गेलं लोकांचा मळ काढण्यात. नावाचं काय खरं आहे?

गाळून टाका म्हणावं, हेही मनात आलं. खोट्या नावापेक्षा नसलेला बरा. पण मग भिंतीवर सगळे असणार, तो खळवाला तीनसुद्धा, आणि ज्याने महिनाभर चादरी घातल्या तो तेवढा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने फोन केला. "सात म्हणजे फिडेलिस."

"नक्की आजी?"

"लिही," विमला म्हणाली, आणि फोन ठेवून पाणी प्यायली.

कार्यक्रम सुट्टीनंतरच्या शनिवारी होता. नव्या इमारतीच्या तळमजल्यावर, कॅन्टीनच्या समोरच. पन्नासएक माणसं, मेणबत्त्या, एक फादर बाहेरून आलेला. मुलं वडापाव खात थांबून बघायची आणि पुढे जायची. नावं एकेक करून वाचली. "ब्रदर फिडेलिस," असं म्हटलं तेव्हा विमलाने हात जोडले. मग लगेच "ब्रदर नॉर्बर्ट" आलं आणि तिचे जोडलेले हात खाली यायला तयार होईनात. सात हा असला तर? पुढचं, अल्बानचं, नाव वाचून होईपर्यंत ती तशीच उभी होती.

नंतर जयवंत सर आले काठी टेकत. चाळीस वर्षं गणित शिकवलेले, आता बोरिवलीला मुलाकडे असतात. भिंतीसमोर उभे राहून एकेकाला न्याहाळत होते. सात नंबरपाशी थांबले.

"हा फिडेलिस?" ते म्हणाले.

विमला पुढे सरकली. "का हो सर? नाही का?"

"फिडेलिस म्हणजे तो रागीट ना, घंटेचा? का तो नॉर्बर्ट? थांबा हं." सरांनी डोळे मिटले. विमला त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली. कॅन्टीनमध्ये कोणीतरी टोकन नंबर ओरडत होतं. "नॉर्बर्टने मला एकदा... नाही, तो अल्बान होता. छे. गेलं बघा डोक्यातून."

"सर, जरा नीट आठवा ना."

"विमलाबाई, मला सकाळी गोळी घेतली का ते आठवत नाही." सर कसनुसं हसले. मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. बोरिवली लांब पडतं.

विमलाने श्रुतिकाला बाजूला घेतलं. "मॅडम, ती पाटी काढता येईल का? दोन्ही काढा."

"आजी, ड्रिल करून बसवल्यात. आणि आता सगळ्यांनी फोटो काढलेत, ग्रुपवर पण गेलेत." मग पोरीने तिचा हात धरला. "तुम्ही नसता तर निम्म्या पाट्या लागल्याच नसत्या. पुढच्या वर्षी बघू आपण, हं?"

पुढच्या वर्षी काय बघायचं? दादू नाही, अल्बान नाही, सरांचं हे असं. विमलाच्या डोक्यात जे होतं तेवढंच जगात उरलेलं होतं, आणि ते अर्धंच होतं. ती मान हलवून बाहेर आली, रिक्षा केली.

घरी जान्हवी डाळ निवडत होती. सून वाईट नाही, फक्त एकदम विचारते.

"आई, लागला का तुमच्या ब्रदरांचा फोटो?"

"लागला."

"तुमच्या त्या बागेतल्यांचा? नाव काय त्यांचं? तुम्ही कधी बोललाच नाहीत."

विमलाने चपला काढल्या. एक सुटली, दुसरीचा पट्टा अडकला.

"नाव भिंतीवर आहे," ती म्हणाली. "ज्याला वाचता येतं त्याने जाऊन वाचावं."

"अहो, पण तुम्हाला माहीत असेल ना?"

"नाही माहीत."

जान्हवी हसली. सासू चिडली की असंच काहीतरी बोलते, हे तिला ठाऊक होतं. तिने डाळीतला एक खडा खिडकीबाहेर टाकला आणि पुढचा शोधायला लागली.