मेधाताईचा अंगठा

नोट हातात आली की तुम्ही फक्त आकडा बघता. सगळेच. एवढी कारागिरी आयुष्यभर खिशात बाळगायची आणि एकदाही उजेडाकडे धरायची नाही, याला काय म्हणायचं?

मीही तशीच होते. मग इथल्या युनिमधलं शिक्षण संपलं, कोविड आला आणि क्रेगीबर्न या उपनगरातल्या एका मॉलमध्ये परकीय चलनाच्या काउंटरवर मला नोकरी लागली. देशाच्या सीमा बंद, गिऱ्हाईक दिवसाला चार. अशा ठिकाणी डॉलरपेक्षा किस्सेच जास्त जमतात.

शेजारच्या खुर्चीत मेधाताई. पुण्यात बँकेच्या परकीय चलन विभागात वीस वर्षं काढून आलेली. पहिल्या दिवशी मी विचारलं, "खोट्या नोटा ओळखायला मशीन आहे ना?"

"आहे की. त्याला शंका आली की ते मला विचारतं."

*

इथल्या डॉलरच्या नोटा प्लॅस्टिकच्या. त्यामुळे कोविडमध्ये सकाळचं पहिलं काम म्हणजे नोटा साबणाने धुऊन दोरीवर चिमट्यांनी वाळत घालणं. एकदा व्हिडिओ कॉलवर आईला मागची दोरी दिसली.

"बाई गं! तिकडे पैसे वाळत घालतात?"

तेव्हापासून नाशिकमध्ये माझा पगार फार मोठा आहे.

*

एका तरुणाने पन्नास युरोची नोट दिली. मेधाताईने ती नुसती अंगठ्याने चाचपली. "गुळगुळीत आहे. खऱ्या युरोच्या कडेला उठावाच्या रेघा असतात, बोटाला लागतात."

आमचा नियम कडक. संशयित नोट परत द्यायची नाही. पाकिटात घालून पोलिसांकडे पाठवायची, गिऱ्हाइकाच्या हातात फक्त पावती.

तो चिडला. "मेट, नुसता हात लावून खोटी ठरवणार?"

"मग वाचून ठरव," ती म्हणाली. कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलं होतं: फक्त चित्रीकरणासाठी.

*

युरोच्या नोटांवर पूल आहेत आणि ते मुळात कुठेच नव्हते! कुठल्याही देशाला वाईट वाटू नये म्हणून काल्पनिक पूल काढले. मी भारावूनच गेले. "ताई, केवढा समजूतदारपणा! अख्ख्या खंडाने भांडण टाळलं."

"हो ना. आपल्यात गणपतीच्या पोस्टरवर कुणाचा फोटो, यावरून दोन मंडळं झाली."

*

आणि मग एलेनी आजी आल्या. ग्रीसमध्ये त्यांची बहीण अखेरच्या घटका मोजत होती. देशाबाहेर जायची परवानगी महिनाभर धडपडून मिळाली होती. ट्रॅव्हल एजंटने चारपर्यंत सीट धरून ठेवली होती आणि तीन वाजून गेले होते. तिकिटासाठी डॉलर करून घ्यायला घरात जपून ठेवलेले सगळे युरो त्यांनी काउंटरवर ठेवले. नवरा मागे उभा.

मशीनने पहिली नोट नाकारली. दुसरीही. मी यूव्ही दिव्याखाली धरल्या. खऱ्या युरोचा कागद त्या उजेडात काळपटच राहतो. या नोटा मात्र लखलखीत निळ्या दिसत होत्या. सगळ्याच्या सगळ्या.

नियम म्हणजे नियम. मी पाकीट बाहेर काढलं. आजींनी ते पाहिलं आणि काउंटरची कड घट्ट धरली.

"थांब जरा," मेधाताई म्हणाली.

तिने एकेका नोटेच्या कडेवरून अंगठा फिरवला. उजेडाकडे धरून जलचिन्ह पाहिलं. नोट तिरकी करून हिरवा आकडा निळा होऊ दिला. मी बघत होते. वीस वर्षं एका अंगठ्यात मावतात, हे मला कुठल्याही युनिने शिकवलं नव्हतं. शेवटी तिने मास्क खाली ओढला आणि नोटेचा वास घेतला.

"लॅव्हेंडर. आजी, या धुतल्यात का तुम्ही?"

"म्हणजे काय!" आजी म्हणाल्या. "डॉलर धुते तशाच. कपड्यांच्या पावडरने, गरम पाण्यात. कोविड आहे ना."

"कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून पावडरीत जे घालतात, ते या दिव्याखाली चमकतं," मेधाताई मला म्हणाली. "नोटा खऱ्या आहेत. सही मी करते. तू पाकीट ठेव."

चाराला दहा मिनिटं कमी असताना डॉलर आजींच्या पर्समध्ये गेले. त्यांनी काउंटरच्या काचेवर तळहात टेकवला, मेधाताईने आतून आपला टेकवला. आजी लगबगीने एजंटकडे निघाल्या.

नवरा क्षणभर मागे रेंगाळला. काचेजवळ वाकून हळूच म्हणाला, "पासपोर्टही भिजवणार होती. मी तो गाडीत लपवून ठेवला."