सतरंजीआडची गाण्याची परीक्षा

गाण्याच्या परीक्षेत परीक्षकच नापास झाल्याची घटना जाफराबादेत एकदाच घडली आहे. परीक्षक मी होते.

दादाची प्रज्ञा सातवीत. तिला संगीतात ‘क’ श्रेणी मिळाली आणि मी हादरलेच. जालन्याच्या स्पर्धेला फक्त ‘अ’वाले जाणार होते, आणि ‘अ’ कुणाला? मुख्याध्यापकांच्या मुलाला! संध्याकाळपर्यंत माझं पत्रक छापून तयार: ‘सुरांमधली घराणेशाही मोडून काढा.’

“आत्या, राहू दे नं,” प्रज्ञा म्हणाली. “सर म्हणले, पुढल्या टायमाला बघू.”

“अन्यायाला पुढला टाइम नसतो.” (हे वाक्य आधीच्या पत्रकातलं. उरलं होतं.)

संगीताचे सर शांतपणे म्हणाले, “मंग तुमीच सांगा ताई, कसं करू?”

मागणी तयारच होती. गाणाऱ्याचं तोंड दिसायला नको, नाव कळायला नको, आणि पालकांतर्फे परीक्षक मी. सरांनी सगळं मान्य केलं, याचाच मला मोठा धक्का! पडदा नव्हता म्हणून शाळेची सतरंजी दोरीवर टाकली. अलीकडे पेटी घेऊन सर आणि मी, पलीकडे वर्ग. एकेकानं स्वागतगीत म्हणायचं.

चार-पाच जण झाले. मग एक खणखणीत आवाज आला, “पाहुण्यांचे स्वागत...” आणि थांबला. पेटी पुढं गेली, आवाज थांबलेलाच. आता कुणी असं अर्ध्यावर थांबलं की उरलेलं अर्धं माझ्या पोटात राहत नाही. आवाज ओळखायच्या आधीच मूठ वर गेली.

“झालंच पाहिजे!”

“झालंच पाहिजे!” पलीकडून अख्खा वर्ग.

मुठीच्या धक्क्यानं दोरी निसटली, सतरंजी खाली आली. समोर प्रज्ञा. तिचीही मूठ वर.

सरांनी पेटी मिटली. “ताई, पोरीचा गळा वर्गात एक नंबर हाय. पण ओळ झाली का थांबती. म्हणलं, कशाची वाट पाहून राह्यली बाई? तं म्हणती, लोकायची.”

(मुख्याध्यापकांच्या मुलाला मीही ‘अ’च दिला होता. दिसत नव्हतं ना.)

घरी वहिनीनं एवढंच विचारलं, “इला चालता येत नव्हतं तवापासून मोर्च्याला कोण नेत होतं वो?”

सरांनी परीक्षा पुन्हा घ्यायचं कबूल केलं. अट प्रज्ञाची होती. “आत्या, तू शाळेकडं येऊ नको. बिलकुल.”

ती सगळं गाणं सलग गायली, ‘अ’ मिळवला आणि जालन्याला गेली. माझ्या आजवरच्या आंदोलनांत मागणी पूर्ण मान्य झालेलं हे एकच, आणि त्या दिवशी मी घरी शेंगा सोलत बसले होते.