सात दिवस सायकलवर

"पाय टेकला की संपलं," असं दादा म्हणायचे आणि कंपनीचं गेट उघडेपर्यंत सायकलवरच गोल गोल फिरत राहायचे. आम्ही पहिल्या पाळीचे बाकीचे लोक चहा पीत उभे असायचो आणि हे आमच्याभोवती चकरा मारायचे. भोंगा झाला की सायकल थेट स्टँडला.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रंगांच्या कारखान्यात ते ऑपरेटर होते आणि मी टाइम ऑफिसात कारकून. मूळ महाडकडचे, पंचेचाळिशी ओलांडलेले, काटकुळे, बोलायला कमी. नखांत कायम कुठला ना कुठला रंग. पिवळा असला की आम्ही विचारायचो, दादा, हळद लागली की काय? ते म्हणायचे, "एकदा लागली. तेवढी पुरे." वाशीत ते माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे बैठ्या घरात राहायचे. मूलबाळ नव्हतं, दोघंच. मराठी वाचता यायचं, पण इंग्रजी कागद आला की माझ्याकडे यायचे. मी त्यांच्या घरी जाऊन तो मराठीत सांगायचो आणि वहिनींच्या हातचा चहा पिऊन परतायचो.

मग वहिनींच्या पोटात गाठ निघाली. मुंबईतल्या मोठ्या इस्पितळात किरणांचे शेक देऊन झाले, पण दुखणं हटेना. डॉक्टरांनी दादांना सरळ सांगितलं की यापुढे आमच्याकडे औषध नाही, संशोधन चालू आहे. त्या शेवटच्या वाक्याने सगळा घोळ झाला.

कारण संशोधन दादांना माहीत होतं. आमच्या कंपनीतही तो विभाग होता. पांढऱ्या कोटातली तीन-चार माणसं काचेच्या नळ्या हलवत बसायची आणि सहा-आठ महिन्यांत नवा रंग दादांच्या प्लांटवर यायचा. पहिली बॅच तेच काढायचे. लॅबला सामान कमी पडलं की काम अडायचं, सामान आलं की सुटायचं. एका दुपारी ते टाइम ऑफिसच्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "भाऊ, तिकडं पैसे कमी पडत असणार. पैसे पोचले तर बॅच लवकर निघेल ना?"

मी म्हणालो, निघेल की. एखादा माणूस असा खिडकीशी उभा राहिला तर तुम्ही तरी दुसरं काय म्हणाला असता?

तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, त्या काळी सात दिवस सतत सायकल चालवणारे गावोगाव यायचे. मैदानात कर्णा लागायचा, गाणी वाजायची आणि लोक त्याच्या सदऱ्याला नोटा टाचायचे. दादांनी तेच करायचं ठरवलं. त्या वयात, रंगाच्या वाफा ओढून अर्ध्या झालेल्या छातीने. आम्ही हसलो. मग ते तयारीला लागले आणि आमचं हसणं बंद झालं.

पाळीआधी सानपाड्याकडच्या मिठागरांच्या बांधावरून तासभर सायकल, पाळी संपली की तुर्भ्यापर्यंत जाऊन-येऊन, रविवारी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मोकळ्या प्लॉटवर चकरा. बसल्या बसल्या सदरा बदलायला शिकले. हँडल धरून डुलकी काढायला शिकताना दोनदा आपटले, कोपराचं सालपट निघालं. वहिनींच्या पायांत बळ होतं तोवर त्या हातात भाकरी घेऊन चार पावलं शेजारून चालायच्या आणि घास द्यायच्या. त्यांना हे सगळं वेडेपणाचंच वाटत असावं, पण बोलायच्या नाहीत. एकदा मला फक्त एवढंच म्हणाल्या की यांना काहीतरी करायला हवंय, तर करू दे.

दिवाळीनंतर सेक्टरमधल्या मोकळ्या प्लॉटवर मंडप पडला. हँडबिल मी लिहिलं, "कर्करोग संशोधनासाठी सात दिवस अखंड सायकल". अक्षरं मोठी होती आणि मला त्यांचा अभिमानही वाटला. दुसऱ्या दिवशी न्हावी दाढी करायला आला. उलट्या पावलांनी पळता पळता दादांपेक्षा तोच जास्त दमला. तुमच्या मनात आलेला प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता. त्याचं उत्तर असं की चौघे जण चादर धरून सायकलबरोबर चालायचे.

तिसऱ्या दिवशी जवळच्या गावातल्या म्हाताऱ्या बायका बघायला आल्या. त्यातली एक बराच वेळ पाहत राहिली, मग तिने दादांच्या सदऱ्याला एक नोट टाचली आणि मला विचारलं, "सायकल चालवून बाय बरी व्हनार हाय का?" मी कर्ण्यावरचं गाणं बदलायला गेलो.

चौथ्या दिवशी वहिनी आल्या. शेजारणीने रिक्षातून आणलं होतं. त्यांना खुर्ची दिली, पण त्या दोरीला धरून उभ्या राहिल्या. दादांचे पाय सुजून फुगले होते, डोळे लाल. ते जवळून गेले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आता उतरा. मला माहेरी नेऊन सोडा." दादा पुढे निघून गेले. एक चक्कर मारून परत आले तेव्हा म्हणाले, "औषध आलं की जाऊ." परत पुढे गेले. वहिनींनी पुढच्या चकरेची वाट पाहिली नाही. रिक्षात जाऊन बसल्या.

सातव्या दिवशी दादांना सायकलवरून उचलूनच घ्यावं लागलं. पाय सरळ होत नव्हते. जमलेले सगळे पैसे आम्ही इस्पितळात नेऊन दिले. वहिनींच्या दुखण्यासाठी त्यातली एक नोटही दादांनी ठेवून घेतली नाही.

महिन्याभराने इस्पितळाचं इंग्रजी पत्र आलं. मी घरी गेलो तेव्हा दादा पाटावर बसले होते. आतल्या दाराशी वहिनी भिंतीला टेकून होत्या आणि त्यांच्याजवळ लोखंडी ट्रंक भरून तयार होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने दादा त्यांना माहेरी पोचवणार होते. शेवटी त्यांनी तेवढं मान्य केलं होतं. पत्र चार ओळींचं होतं. रक्कम मिळाली, संशोधन निधीत जमा केली, आभारी आहोत. मी वाचून थांबलो. दादा माझ्याकडे बघतच होते. म्हणाले, "आणि औषधाचं?"

मी पत्राकडे बघून म्हणालो, "लिहिलंय ना. औषध लवकरच तयार होईल, अशी आशा आहे."

दादांनी वळून आत बघितलं. वहिनींनीही ऐकलं होतं. थोड्या वेळाने त्यांनी ट्रंक उघडली आणि एक एक लुगडं काढून परत दांडीवर टाकलं. मी चहा पिऊन घरी आलो. आपण एक चांगलं काम केलं, असं मला त्या दिवशी वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

पुढचे तीन महिने दादा त्यांना खाडीचा पूल ओलांडून इस्पितळात नेत राहिले. बॅच निघाली की आपला नंबर चुकायला नको म्हणून. शेवटी शेवटी बसच्या प्रत्येक धक्क्याला वहिनी ओरडायच्या. मार्चमध्ये त्या इस्पितळातच गेल्या. माहेर राहिलं ते राहिलंच.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वहिनींचा धाकटा भाऊ आला. गावच्या शाळेत मास्तर. सगळ्यांना जयभीम केला, पण बसला नाही. लोक पांगल्यावर त्याने दादांना विचारलं, "तिनं मला पत्र घातलं व्हतं, घरी यायचंय म्हनून. का नाय आनलंत?"

दादा उठले. फडताळातून इस्पितळाचं पत्र काढून त्याच्या हातात दिलं. म्हणाले, "औषध येणार होतं. शेवटच्या ओळीत बघा." मास्तरला इंग्रजी येत होतं. मी कोपऱ्यात बसलो होतो. मास्तरने पत्र वाचलं, उलटून मागची बाजू बघितली आणि म्हणाला, "यात औषधाचं कायबी नाय."

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी सतरंजीकडे बघत राहिलो.

"मग चूक माझीच," दादा मास्तरला म्हणाले. "मीच नेलं नाही तिला." मास्तरने पत्र खाली ठेवलं आणि पाणीही न पिता निघून गेला. दादा त्याला नाक्यापर्यंत सोडायला गेले. मी चप्पल घालून मागच्या गल्लीने घरी आलो.

त्यानंतर सहा वर्षं आम्ही एकाच कंपनीत होतो. दादा रोज गेटवर भेटायचे, पूर्वीसारखंच "काय भाऊ" म्हणायचे. चारचौघांत कधी एक शब्द काढला नाही. पण इंग्रजी कागद घेऊन माझ्या खिडकीशी पुन्हा आले नाहीत. कँटीनमधला एक पोरगेला मल्याळी होता, त्याच्याकडून मोडक्यातोडक्या हिंदीत वाचून घ्यायचे.

छातीमुळे त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी हिशेबाचे कागद मात्र माझ्याच टेबलावरून जायचे होते. तीन पानं, सगळी इंग्रजी. ते समोर बसले, खिशातून पेन काढलं. मी म्हणालो, दादा, वाचून दाखवतो. सगळं मराठीत सांगतो.

"नको, भाऊ," ते म्हणाले. "सही कुठं करायची, तेवढं दाखवा."

मी बोट ठेवलं. त्यांनी तीन ठिकाणी सह्या केल्या, जयभीम म्हणाले आणि गेले.