आरतीचा चटका

सकाळपासून ताईला उचक्या लागल्या होत्या. चक्कर, उलट्या, बसलेला आवाज आणि वर या उचक्या! ताई म्हणजे माझी मोठी बहीण. मुलुंडला आम्ही दोघीच राहतो. त्या दिवशी संकष्टी होती. उपाशीपोटी पित्त खवळलं असणार, असं आम्ही ठरवूनच टाकलं. "कोण गं एवढी आठवण काढतंय तुझी?" मी चिडवलं, आणि उचकी थांबावी म्हणून आम्ही एकेकाचं नाव घेत बसलो. अमेरिकेतला भाचा, बडोद्याची आत्या, अगदी ताईच्या शाळेतल्या मुख्याध्यापक बाईसुद्धा! उचकी काही थांबेना.

खरं सांगते, माझा तेव्हा देवावर फारसा भरवसा उरला नव्हता. ताईची कॉलेजात असल्यापासून एक संकष्टी चुकली नाही, तरी सगळी दुखणी तिच्याच वाट्याला! "आज घरीच पड ना, देव काय पळून जातोय?" मी म्हटलं. पण ऐकेल ती ताई कसली! संध्याकाळी माझा खांदा धरून, सारखी उजवीकडे कलत, ती गल्लीतल्या गणपतीच्या देवळात पोहोचलीच.

आरती झाली, ताट फिरत आलं. ताईने ज्योतीवर दोन्ही हात धरले. उजवा झटकन मागे घेतला. डावा तिथेच! "अहो, हात भाजतोय तुमचा!" मागून एक बाई ओरडल्या आणि त्यांनीच तो हात ओढून घेतला. तळवा लालबुंद झालेला. आणि ताई म्हणते, "मला तर काहीच कळलं नाही."

त्या बाई मेंदूच्या आजारांच्या डॉक्टर निघाल्या. चालल्या होत्या भांडुपला. रिक्षाचा गॅस संपला म्हणून सहज दर्शनाला शिरलेल्या! त्यांनी ताईची उजवी पापणी निरखली. किंचित उतरली होती, आम्हाला दिवसभर दिसलीही नव्हती. मग पाण्याचा गार तांब्या तिच्या गालांना लावला. डाव्या गालाला गार लागला, उजव्याला नाही. हातांचं नेमकं उलट.

"हे पित्त नाही," त्या म्हणाल्या. "मेंदूच्या खालच्या देठाचा रक्तपुरवठा अडलाय असं वाटतंय. हाही पक्षाघातच, पण फसवा. तोंड वाकडं होत नाही, हातपाय चालतात, म्हणून लोक घरी बसतात. गिळताना ठसका लागेल, पाण्याचा थेंबही देऊ नका. चला, आत्ताच निघायचं!" आणि त्या स्वतः आमच्याबरोबर इस्पितळात आल्या. एमआरआयमध्ये अगदी तेच निघालं.

पुढे कितीतरी दिवस ताईचं जेवण नाकातल्या नळीतून. पण माझी ताई वाचली हो! परवाच्या संकष्टीला आम्ही पुन्हा त्याच देवळात गेलो. ताट आलं. तिने डावा हात ज्योतीवर धरला, मी श्वास रोखून उभी. आणि ती किंचाळलीच, "आई गं! चटका बसला! अगं, चटका बसला गं मला!" अख्खं देऊळ वळून बघतंय आणि आम्ही दोघी हसतोय काय, रडतोय काय!

याला कोणी योगायोग म्हणेल. म्हणू दे, मला वाद घालायचा नाही. हल्ली मी जमेल तेवढं करते आणि बाकीचं त्याच्यावर सोडून देते. त्या सकाळी उचकी थांबावी म्हणून आम्ही साऱ्या जगाची नावं घेतली होती. त्याचं तेवढं घ्यायचं राहिलं होतं.