ताई वर्गातून उठत नाही

माझी थोरली बहीण लाँड्रीत इस्त्री करते. घरात असते ती इस्त्री नव्हे, वाफेवरची, दिवसभर फुसफुसणारी. ती नववीत असताना वडील अंथरुणाला खिळले आणि तिची शाळा सुटली ती सुटलीच. तिच्या पगारावर मी शिकले आणि आज ऑफिसात खुर्चीवर बसते. त्यामुळे तिला कुणी वेडंवाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कारकुनाबद्दल जे बोलणार आहे त्याचं कुणाला नवल वाटायला नको.

चाळिशी उलटल्यावर एक दिवस जेवताना ती म्हणाली, "मी दहावीला बसणारे."

भाऊजींचा घास हातातच राहिला. "आता? आता कशाला?"

"अर्धवट राहिलंय म्हणून. एक बाही कडक आणि दुसरी चुरगळलेली, असा शर्ट मी गिऱ्हाइकाला देते का?"

भाऊजी स्वभावाने गरीब. "बघ बाई तुझं तू," म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले.

शहर मोठं, त्यामुळे शाळा सुटलेल्यांसाठी सोयींना तोटा नाही. एका शाळेत संध्याकाळी भरणाऱ्या प्रौढ शिक्षण केंद्राच्या खिडकीपाशी आम्ही दोघी उभ्या राहिलो. कारकुनाने ताईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शिवण, केक, ब्यूटी पार्लर, इंग्रजी संभाषण असे सगळे वर्ग धडाधड म्हणून टाकले. घरबसल्या शिकायचं असेल तर पुस्तकं पोस्टाने येतात, तेही सांगितलं. ताईने सगळं ऐकून घेतलं.

"दहावीचा संध्याकाळचा वर्ग," ती म्हणाली.

"झेपेल का? गणित असतं त्यात."

"म्हणून तर."

प्रवेश झाला. कारकुनाने मशीनमधून निघालेली गुळगुळीत पावती हातात दिली आणि बजावलं, पहिल्या दिवशी ही दाखवा, तरच नाव हजेरीपटावर चढेल. ताईने ती पर्समध्ये जपून ठेवली. पर्समध्ये जपलेल्या कागदाचं जे होतं तेच तिचंही झालं, पार चुरगळली. सुरकुती दिसली की जिचा हात आपोआप इस्त्रीकडे जातो, ती असला कागद शाळेत थोडीच नेणार? वर्गाच्या पहिल्या दिवशी कामावरून निघताना तिने पावतीवर अलगद इस्त्री फिरवली. त्या कागदावर शाई नसते, छपाई उष्णतेने होते, हे तिला काय माहीत. अख्खी पावती काळी कुळकुळीत झाली. सुरकुती मात्र नावाला उरली नाही.

मी हसून हसून बेजार झाले. कारकून हसला नाही.

"यावर काहीच दिसत नाही."

"इस्त्री केली."

"पावतीला?"

"चुरगळली होती."

"दुसरी काढायला मुख्याध्यापिकांची परवानगी लागते. त्या आजारपणाच्या रजेवर आहेत. पुढच्या वर्षी या. नाहीतर शिवणाला बसा, तिथे जागा रिकामीच असते."

"अहो, कॉम्प्युटरमध्ये नाव बघा ना," मी म्हणाले.

"प्रवेश बंद झालेत. आता ते उघडता येत नाही."

नियम सगळे तोंडपाठ, आणि माणुसकी तेवढी ऑप्शनला टाकलेली. मी पदर खोचून भांडायला उभी राहिले. ताई भांडली नाही. ती सरळ वर्गात गेली आणि लहान मुलांच्या बाकावर गुडघे मुडपून बसली. मी दारात उभी राहून बघत होते.

वर्गावरचे सर निवृत्तीला आलेले, काटेकोर. हजेरी संपवून ते म्हणाले, "बाई, तुमचं नाव यात नाही."

"नाव नाही, पण मी आहे."

"मग मला तुम्हाला शिकवता येणार नाही. बाहेर जा."

"मला नका शिकवू, सर. यांना शिकवा. मी ऐकते."

मागच्या बाकावरचा टॅक्सीवाला फिसकन हसला. सरांनी फळ्याकडे तोंड फिरवलं आणि खडू उचलला.

पुढे हे रोजचंच झालं. हजेरी आटोपली की सर म्हणायचे, "बाई, बाहेर जा." ताई "हो सर" म्हणायची आणि वही उघडायची. दिवसा लाँड्रीत ती इस्त्रीसमोरच्या भिंतीवर गणिताची सूत्रं चिकटवायची. वाफेने कागद गळून पडायचा, ही पुन्हा चिकटवायची. रात्रीचा स्वयंपाक भाऊजींकडे गेला. तो खाण्याजोगा व्हायला बराच काळ जावा लागला, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

एकदा न राहवून मी म्हणाले, "ताई, हजेरीत नाव नाही, तर परीक्षेला कोण बसवणार तुला? वर्ष फुकट जाईल."

"फुकट गेलेली वर्षं मला ओळखू येतात," ती म्हणाली. "हे त्यातलं नाही."

मला रडूच आलं. ती वर्षं कुणासाठी गेली ते मला ठाऊक होतं.

परीक्षेचे अर्ज पाठवायची वेळ झाली तेव्हा मुख्याध्यापिका रजेवरून परतल्या आणि त्यांनी ताईला बोलावून घेतलं. मीही गेले. खोलीत सर होते, कारकूनही होता. बाईंनी त्याला कॉम्प्युटर उघडायला लावला. नाव होतं. पहिल्या दिवसापासून होतं. मी कारकुनाकडे टक लावून पाहिलं, तर हा गडी छताचा पंखा बघतोय.

"प्रवेश आहे, मान्य," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पण तुमची हजेरी कोरी आहे. हजेरी नसेल तर मला अर्ज पुढे पाठवता येत नाही. पुढच्या वर्षी बसा."

"पुढच्या वर्षी मला अकरावीला बसायचंय," ताई म्हणाली. "दहावीचं आत्ताच बघा."

मग सरांनी घसा खाकरला. मी मनात म्हटलं, संपलं. हा माणूस नियमापुढे सख्ख्या भावालाही ओळखायचा नाही.

"या रोज वर्गात होत्या," सर म्हणाले. "एक दिवस चुकल्या नाहीत."

"इतक्या खात्रीने कसं सांगता?"

"रोज मीच यांना बाहेर काढत होतो. लिहून देऊ?"

मुख्याध्यापिकांनी एक कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.